इच्छापत्रात एक ओळ कलेसाठी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "काकाजी, वीस मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या." बँकेतल्या माणसाच्या आवडीचा विषय म्हणजे पैसा, असं सगळे धरून चालतात. ते फारसं चुकीचं नाही. आज मी पैशाबद्दलच बोलणार आहे, पण आपल्या मागे राहणाऱ्या पैशाबद्दल. त्यातला लहानसा वाटा आपल्या गावातल्या गाण्या-नाटकाच्या, चित्रकलेच्या, वाचनालयाच्या संस्थेला इच्छापत्रातून कसा देता येईल, एवढंच सांगायचं आहे.

कायद्याच्या कागदावर 'मृत्युपत्र' असा शब्द असतो. तो उच्चारला की घरातली बाई म्हणते, "सणासुदीच्या दिवशी हे काय काढलं?" म्हणून मी 'इच्छापत्र' म्हणतो. मरण तर कागद केला तरी येणार, न केला तरी येणार. इच्छा मात्र कागदावर नसली तर आपल्याबरोबरच जाते.

आधी कलेची बाजू सांगतो. आपला भंडारा जिल्हा झाडीपट्टीतला. धान निघालं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दंडार होते, खडीगंमत होते आणि रात्री मंडपात नाटक उभं राहतं, ते पहाट होईपर्यंत चालतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत हे चालतं आणि वडसा हे त्याचं मोठं केंद्र. या रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या सगळ्यांची मान उंच झाली. थंडीत घोंगडी पांघरून लोक तिकीट काढून नाटक बघतात, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितली तर त्याला खरी वाटत नाही.

पण मंडळी, नाटकाला तिकीट आहे, तालमीला तिकीट नाही. तबला शिकणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला कोणी तिकीट काढून बघत नाही. पेटीचे सूर दुरुस्त करायचे, खोलीचं भाडं द्यायचं, विजेचं बिल भरायचं, जुन्या नाटकांच्या संहिता वाळवीपासून वाचवायच्या, यासाठी पैसा कुठून येणार? वर्गणी एकदा मिळते, दुसऱ्यांदा लोक दार उघडत नाहीत. सरकारी अनुदान आलं तर आलं. अशा संस्थेला सगळ्यात मोठी गरज असते ती दरवर्षी नेमाने येणाऱ्या थोड्याशा रकमेची. आणि ती देण्याची ताकद माझ्यासारख्या पेन्शनरकडेही आहे, हे मला आज तुमच्या गळी उतरवायचं आहे.

एक उदाहरण सांगतो. नाव घेत नाही. माझे एक स्नेही होते, निवृत्त मुख्याध्यापक. पत्नी आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी एका भाड्याच्या खोलीत पंधरा-वीस मुलांना पेटी आणि गाणं शिकवायचे. फी म्हणजे जो देईल ते. वर्ग सुटला की चहा पिताना ते वीस माणसांसमोर म्हणायचे, "माझ्या मागं माझी सगळी ठेव या वर्गाले देजा जी." आम्ही ते अनेकदा ऐकलं. एके दिवशी झोपेतच गेले. ठेवीला नामनिर्देशन होतं पुतण्याचं, फार वर्षांपूर्वी केलेलं. कायद्याने वारसही तोच. त्याने रीतसर पैसे घेतले. त्यात त्याचं काही चुकलं नाही. तो दूर नोकरीला, त्याला बिचाऱ्याला या वर्गाचा पत्ताच नव्हता. नंतर आम्ही सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काकांनी दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर मी अडवलं नसतं. आता त्या पैशातून घराचं कर्ज फेडलं." दोन वर्षांत खोली गेली. मुलं पांगली. पेटी एका सभासदाच्या घरी कपाटावर आहे.

वीस साक्षीदार होते, पण एकाचाही उपयोग नव्हता. तोंडी इच्छापत्राची मुभा कायद्याने फक्त लढाईवर असलेल्या सैनिकासारख्या मोजक्या लोकांना दिली आहे. तुम्हा-आम्हाला कागदच लागतो.

आता कोणी म्हणेल, एवढंच प्रेम आहे तर आजच देऊन टाका ना! ज्याला शक्य आहे त्याने जरूर द्यावं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी हयातीतच कितीतरी संस्थांना हात दिला. पण आपली गोष्ट वेगळी. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, हृदयाचं काही निघालं, तर पैसा हाताशी हवा. बक्षीसपत्र एकदा केलं की सहजासहजी परत घेता येत नाही. इच्छापत्र मात्र जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं, फाडताही येतं. तोवर पैसा तुमचाच. कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट' आपण सगळ्यांनी पाहिलंय. आप्पासाहेब बेलवलकरांनी निवृत्त होताच सगळं मुलांना वाटून टाकलं आणि मग रस्त्यावर आले. मी बँकेत ज्येष्ठ ग्राहकांना गंमतीने म्हणायचो, आप्पासाहेबांनी बक्षीसपत्राऐवजी इच्छापत्र केलं असतं तर एवढं मोठं नाटक घडलंच नसतं! तेव्हा दान मनात आज ठरवा, कागदावर आज लिहा, पण ते हातातून आपल्या मागे जाऊ द्या.

हे काही नवीन नाही. सर रतन टाटा १९१८ साली गेले आणि त्यांच्या इच्छापत्राप्रमाणे १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. त्यांनी जमवलेल्या कलावस्तू मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आल्या, आज आपण त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो. नातवंडांना घेऊन मुंबईला गेलात तर बघून या.

परदेशातलं एक उदाहरण तर आपल्या फारच जवळचं आहे. इंग्रजी नाटककार बर्नार्ड शॉ १९५० साली वारला. त्याने आपल्या लेखनाच्या मानधनाचा वाटा इच्छापत्रातून तीन संस्थांना दिला: डब्लिनची राष्ट्रीय चित्रशाळा, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि तिथलीच नाट्यशिक्षणाची अकादमी. लहानपणी खरं शिक्षण आपल्याला त्या चित्रशाळेतच मिळालं, अशी त्याची भावना होती. पुढे १९५६ मध्ये त्याच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आलं, मग सिनेमा आला आणि त्या संस्थांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. ज्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी आपली 'ती फुलराणी' लिहिली, तेच हे नाटक. शॉला आपल्या मागे एवढं होईल हे कुठे ठाऊक होतं? त्याने फक्त ओळ लिहून ठेवली.

तिसरं उदाहरण महाराष्ट्रातलं, आणि त्यात धडा आहे. मुंबईला नरिमन पॉइंटवर एन.सी.पी.ए. हे संगीत-नाटक-नृत्याचं मोठं केंद्र आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ मध्ये ते सुरू केलं. जमशेद हे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे धाकटे बंधू. १९६६ साली होमी भाभा विमान अपघातात गेल्यावर मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' बंगला जमशेदजींकडे आला. २००७ मध्ये ते गेले आणि बंगला इच्छापत्राने एन.सी.पी.ए.ला मिळाला. २०१४ मध्ये संस्थेने तो लिलावात विकला. किंमत आली ३७२ कोटी रुपये! होमी भाभांचं घर म्हणून तिथे स्मारक व्हावं, अशी मागणी अनेकांनी केली, प्रकरण न्यायालयातही गेलं, पण विक्री झाली. पुढे बंगला पाडलाही गेला.

आता यात बरोबर काय आणि चूक काय, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालता येईल. कलेच्या संस्थेला कलेसाठी पैसा मिळाला, हेही खरं. एका थोर माणसाचं घर गेलं, हेही खरं. मी यातून एवढंच शिकलो की वस्तू देताना तिचं पुढे काय व्हावं, हे देणाऱ्याने स्पष्ट लिहावं. विकायची मुभा असेल तर तसं लिहा. जपायची असेल तर जपण्याचा खर्चही सोबत द्या. नुसतं घर देणं म्हणजे हत्ती देऊन चारा न देण्यासारखं आहे.

तेव्हा आता कामाचं बोलू. वकील मित्र इथे बसलेत, माझं चुकलं तर त्यांनी कान धरावा.

इच्छापत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. हाताने लिहा की टाइप करा. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कोणालाही ते करता येतं. भारतीय वारसा कायदा १९२५ चा; त्यानुसार तुमची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण असावेत, नाहीतर वेळ येईल तेव्हा तेही नसतात! ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. संस्थेला देणार असाल तर संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांनाही नको. आपलं वय पाहता डॉक्टरांचं एक प्रमाणपत्र त्याच तारखेचं जोडलेलं बरं. नोंदणी बंधनकारक नाही, पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती करून घेतली की पुढे तोंडं बंद होतात. आपल्या जिल्ह्यात प्रोबेटची सक्ती नाही, हेही लक्षात असू द्या.

द्यायचं ते आपल्या स्वतःच्या मिळकतीतून. गावच्या वडिलोपार्जित वाड्यात भावांचा वाटा असेल तर आपल्यापुरता हिस्सा आपला, सगळा वाडा नाही.

नवरा-बायकोने एकच इच्छापत्र करू नये. दोघांची दोन करावीत. बायकांनी तर आवर्जून करावं. तुमच्या नावावरची ठेव, तुमचं सोनं हे तुमचं आहे, त्याचा निर्णय तुमचाच.

सगळ्यात मोठा गैरसमज नामनिर्देशनाचा. "नॉमिनी लावलाय, आता काय चिंता?" हे वाक्य मी काउंटरवर हजार वेळा ऐकलं. सर्वसाधारणपणे नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. १९८३ साली विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं. आपल्या सोसायटीचंही तसंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणूनच घेतात. फ्लॅट शेवटी इच्छापत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काने ज्याचा त्याचा. म्हणून ठेवीवर मुलीचं नाव असेल आणि इच्छापत्रात त्यातला वाटा संस्थेला असेल, तर मुलीला आजच सांगा. कागद आणि नॉमिनी यांची तोंडं दोन दिशांना नकोत.

नॉमिनीही नाही, इच्छापत्रही नाही, वारसांना खातंही ठाऊक नाही, अशा ठेवींचं काय होतं? दहा वर्षं कोणी फिरकलं नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. वारस नंतर मागू शकतात, पण आधी ठाऊक तर हवं!

आता संस्था कोणती? ती नोंदणीकृत असावी. धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंद आहे का, ते बघा. नोंदणीचा उतारा मागा, मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा. दान देणाऱ्याने हिशेब विचारणं यात काही वावगं नाही. जी संस्था त्याने नाराज होते तिला देऊच नका. इच्छापत्रात संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लिहा. "गावातल्या नाटक मंडळाला" असं लिहिलंत तर तीन मंडळं भांडत येतील.

आपल्या सोसायटीच्या सभागृहासाठी द्यायचं असेल तर द्या, पण ते सभासदांपुरतं राहील. गावाला द्यायचं असेल तर सार्वजनिक न्यास.

काय द्यावं? माझं मत, रोख रकमेइतकं सोयीचं काही नाही. फ्लॅट किंवा जागा दिली तर न्यासाला ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सोसायटीत सदस्यत्वाचे प्रश्न निघतात. आणि ठरावीक आकडा लिहिण्यापेक्षा टक्का लिहा. समजा तुम्ही आज पाच लाख लिहिले आणि शेवटच्या आजारपणात ठेव वितळली, तर पाच लाख आधी संस्थेचे जातील आणि मुलांना उरेल ते. त्याऐवजी "देणी आणि औषधोपचाराचा खर्च फेडून जे उरेल त्याचे पाच टक्के" असं लिहिलं की सगळ्यांचं मोठं-लहान एकत्रच होतं.

पुढची ओळ महत्त्वाची. मी माझ्या कागदात असं लिहिलंय: "ही रक्कम संस्थेने कायम निधी म्हणून मुदत ठेवीत ठेवावी. मूळ रकमेला हात लावू नये. येणाऱ्या व्याजातून मुलांच्या संगीत-नाट्य शिक्षणाचा खर्च करावा. त्या वेळी ही संस्था अस्तित्वात नसल्यास माझ्या एक्झिक्युटरने जिल्ह्यातील अशाच कार्याच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेस रक्कम द्यावी." शेवटचं वाक्य विसरू नका. संस्थाही माणसांसारख्याच असतात, आपल्या आधी जाऊ शकतात.

हिशेब करून दाखवतो, जुनी सवय आहे. दोन लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाचे चौदा हजार. महिन्याला साधारण साडेअकराशे. आज तबल्याच्या गुरुजींना एवढं मानधन कमीच, पण खोलीचं वीजबिल निघेल. अशी दहा घरं झाली की वर्षाचे एक लाख चाळीस हजार. त्यात एक वर्ग बारा महिने चालतो. महागाई वाढेल, व्याज खाली-वर होईल, हे मला कळतं; म्हणून व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात घालावा, असंही लिहायला हरकत नाही. आणि हो, वारशावर कर लागेल अशी भीती काही जणांना असते. आपल्याकडचा इस्टेट ड्यूटीचा कर १९८५ मध्येच गेला.

कागद कुठे ठेवायचा? बँकेच्या लॉकरमध्ये एकुलती एक प्रत ठेवू नका. लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तो उघडण्यासाठी जो कागद लागतो, तोच आत अडकतो. एक्झिक्युटर नेमा, त्याला विचारून नेमा आणि कागद कुठे आहे ते त्याला सांगा.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट, घरच्यांना सांगणं. आम्ही दोघांनी मुलाला आणि मुलीला दिवाळीत एकत्र बसवून सांगितलं. मुलगा लगेच "ठीक आहे" म्हणाला. मुलगी गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, आम्हाला शिकवताना तुम्ही पै-पै मोजली. मला गाणं शिकायचं होतं तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालात. आता दुसऱ्यांच्या पोरांसाठी?"

त्या वेळी पगार तेवढाच होता, घरात आई-वडील होते, बहिणीचं लग्न होतं. ते तिलाही ठाऊक आहे. तिच्या बोलण्यात राग होता की हुरहुर, मला सांगता येत नाही. तिची आई मात्र म्हणाली, "म्हणूनच तर बाळ. कोणत्याही मुलीच्या बापाला 'पुढच्या वर्षी' म्हणावं लागू नये." पोरगी उठून आत गेली. रात्री जेवताना तिने विचारलं, "पाच टक्केच का? दहा करा." आम्ही सात केले.

हे सांगितलं अशासाठी की सगळं गोडीगुलाबीत होईल, असं मी म्हणत नाही. मुलं प्रश्न विचारतील. विचारू द्या. आपण हयात असताना विचारलेला प्रश्न घरात मिटतो, नंतर विचारलेला कोर्टात जातो. आणि मुलांचा पहिला हक्क आहेच. आजारी, अपंग, आपल्यावर अवलंबून असलेलं कोणी घरात असेल तर आधी त्यांची सोय. कलेचा नंबर त्यानंतर. स्वतःच्या घरातला दिवा विझवून देवळात लावा, असं कोणताच देव सांगत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण या जागेवर आलो तेव्हा इथे मुरूम आणि बाभळी होत्या. आज खाली अंगणात जी झाडं सावली देतात ती ज्यांनी लावली, त्यातले काही आज आपल्यात नाहीत. त्यांची नावं कोणत्याही पाटीवर नाहीत, पण उन्हाळ्यात गाडी लावायला आपण त्यांच्याच सावलीची जागा शोधतो.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. कच्चा मसुदा घेऊन या, आपण बसून बघू. पक्का करायला वकिलांकडे जा. माझी फी एक कप चहा, साखर कमी.